टॅब्लेटची कार्यप्रणाली बदलणे

टॅब्लेट हा पाटीएवढ्या आकाराचा संगणक होय. त्याची काच, बॅटरी, प्रोसेसर आणि स्मृती हे भाग डोळ्यांना दिसतात, हाताला लागतात. परंतु केवळ एवढ्या सामग्रीवर टॅब्लेट चालत नाही. काचेवर बोट कोठे टेकले, कोणता मजकूर स्मृतीत कोठे ठेवावयाचा, कोणत्या कामाला किती वेळ द्यावयाचा, हा सारा कारभार एक मोठी आज्ञावली पाहत असते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम किंवा कार्यप्रणाली असे म्हणतात. मोठ्या वाड्यात कारभाऱ्याचे जे स्थान असते, तेच टॅब्लेटमध्ये तिचे असते.

कारभारी सोडून गेला म्हणून वाडा कोसळत नाही. दुसरा कारभारी नेमता येतो. टॅब्लेटच्या बाबतीत मात्र ही साधी गोष्ट सहसा घडत नाही. उत्पादकाने कार्यप्रणालीच्या सुधारित आवृत्त्या पुरविणे थांबविले की तिच्यातील सुरक्षिततेच्या उणिवा तशाच राहतात. हळूहळू नवी अ‍ॅप्स चालेनाशी होतात आणि धडधाकट यंत्र अडगळीत जाऊन पडते. अशा यंत्राला दुसरी कार्यप्रणाली देता येईल काय, आणि येत असेल तर ते कशावर अवलंबून असते? या प्रश्नाचे उत्तर ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या ‘टचपॅड’ या टॅब्लेटच्या इतिहासात सापडते.

या कंपनीने २०१० साली पाम ही कंपनी सुमारे १२० कोटी डॉलरना विकत घेतली. पामची ‘वेबओएस’ ही कार्यप्रणाली त्या व्यवहारात तिच्याकडे आली. तिच्यावर चालणारा टचपॅड १ जुलै २०११ रोजी अमेरिकेत विक्रीस आला. सात आठवडेही पूर्ण झाले नव्हते तोच, १८ ऑगस्ट रोजी, कंपनीने त्याचे उत्पादन बंद करीत असल्याचे जाहीर केले. उरलेला माल संपविण्यासाठी सुमारे ५०० डॉलर किमतीचा टॅब्लेट ९९ डॉलरना विकण्यात आला. लोकांनी दुकानांत गर्दी केली. यंत्र उत्तम होते. त्याच्या कार्यप्रणालीला मात्र फारसे भवितव्य उरले नव्हते.

येथे ‘सायनोजेनमॉड’ या प्रकल्पातील कार्यकर्ते पुढे आले. स्टीव्ह कॉन्डिक यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात अनेक हौशी जाणकार अँड्रॉइड ही कार्यप्रणाली निरनिराळ्या यंत्रांसाठी तयार करून ती विनामूल्य देत असत. ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांनी टचपॅडसाठी पहिली प्राथमिक आवृत्ती प्रसिद्ध केली.

हे काम शक्य होण्यास दोन गोष्टी आवश्यक होत्या. पहिली गोष्ट यंत्राच्या दाराशी संबंधित आहे. टॅब्लेट सुरू होताच सर्वप्रथम ‘बूट लोडर’ नावाची एक लहानशी आज्ञावली जागी होते आणि कार्यप्रणालीला पाचारण करते. पुष्कळ उत्पादक या आज्ञावलीला कुलूप घालतात. मग समोर आलेल्या कार्यप्रणालीवर उत्पादकाची सांकेतिक स्वाक्षरी नसेल, तर बूट लोडर तिला आत घेत नाही. टचपॅडचे दार असे बंद नव्हते. दुसऱ्या संगणकाला तारेने जोडून त्याच्या स्मृतीत एखादी आज्ञावली पाठविण्याची आणि ती चालविण्याची सोय त्यात मुळातच होती.

दुसरी गोष्ट ज्ञानाची आहे. काच, ध्वनी, वायफाय अशा प्रत्येक भागाशी कसे बोलावयाचे हे कार्यप्रणालीला ठाऊक असावे लागते. ही माहिती ‘ड्रायव्हर’ नावाच्या आज्ञावल्यांत असते. ती नसेल तर नवा कारभारी वाड्यात शिरूनही त्याला खोल्या उघडता येत नाहीत. वेबओएस आणि अँड्रॉइड या दोहोंचा गाभा लिनक्स हाच आहे. लिनक्सच्या परवान्यानुसार, तो गाभा वापरून वस्तू विकणाऱ्याला त्याची मूळ संहिता खुली करावी लागते. त्यामुळे बरेचसे काम सुकर झाले. तरीही सारे साधले नाही. आरंभीच्या आवृत्त्यांत कॅमेरा चालत नसे.

टचपॅडवर वेबओएस पुसून टाकण्याची गरज नव्हती. तिच्या शेजारीच अँड्रॉइडला जागा करून दिली जाई आणि यंत्र सुरू करताना दोहोंपैकी एकीची निवड करता येई. तथापि, अशा कामात धोका असतोच. मध्येच वीज संपली किंवा दुसऱ्याच यंत्रासाठी बनविलेली आज्ञावली चुकून घातली गेली, तर टॅब्लेट मुळीच सुरू होत नाही. जाणकार अशा यंत्राला ‘वीट’ म्हणतात. म्हणून आधी आपला मजकूर अन्यत्र उतरवून ठेवणे, बॅटरी पूर्ण भरणे आणि यंत्राचा नेमका प्रकार ताडून पाहणे ही पथ्ये अनिवार्य होत. टचपॅडला आणखी एक आधार होता. मूळ कार्यप्रणाली पूर्ववत बसवून देणारी ‘वेबओएस डॉक्टर’ ही आज्ञावली उत्पादकानेच उपलब्ध करून दिली होती.

१५ जानेवारी २०१५ रोजी कंपनीने वेबओएससाठी चालविलेल्या आपल्या सेवा बंद केल्या. वेबओएसवरच राहिलेल्या टचपॅडला त्या दिवसापासून अ‍ॅप्सचे भांडार मिळेनासे झाले. अँड्रॉइड घातलेले टचपॅड मात्र पूर्वीसारखेच चालत राहिले. सायनोजेनमॉडही २०१६ च्या अखेरीस बंद पडले. परंतु त्याची संहिता खुली असल्याने तिच्यातूनच ‘लिनिएजओएस’ हा नवा प्रकल्प उभा राहिला.

दोन्ही टचपॅड एकाच कारखान्यातील, एकाच किमतीचे. एकाचे आयुष्य उत्पादकाच्या निर्णयाबरोबर आटोपले, दुसऱ्याचे पुढे चालू राहिले. दार उघडे होते आणि संहिता खुली होती, म्हणूनच हे घडू शकले. ज्या टॅब्लेटचे दार बंद असते, त्याचा मालक किंमत पूर्ण मोजतो. पण ते यंत्र किती वर्षे वापरावयाचे हे ठरविणे त्याच्या हाती राहत नाही.