यादीत नाव, तरच बोटाला शाई!

मतदार कार्ड कपाटात जपून ठेवलंय म्हणून निश्चिंत आहात? मग हे आधी वाचा. कार्ड असूनही मत देता येत नाही असं होऊ शकतं, आणि कार्ड नसतानाही देता येतं. यादीत नाव असेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, अगदी रोजगार हमीचं जॉब कार्डसुद्धा ओळख म्हणून चालतं. नावच नसेल, तर कार्ड दाखवून काही उपयोग नाही.

यादीतल्या नावाची किंमत सगळ्यात जास्त मोजली ती पहिल्या निवडणुकीतल्या बायकांनी. १९५१-५२ साली देशात सुमारे ८ कोटी महिला मतदार होत्या. नोंदणीला आलेल्या परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगायचं कसं, या संकोचापोटी अनेकींनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढंच सांगितलं. बिहार, राजस्थान, मध्य भारत अशा भागांत हे फार झालं. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन मात्र ठाम राहिले: मतदार म्हणून नोंद स्वतःच्याच नावानं होणार! शेवटी सुमारे २८ लाख बायकांची नोंद यादीतून वगळावी लागली. कठोर वाटतं खरं, पण मला तो निर्णय योग्यच वाटतो. सरकारदरबारी बाईला तिच्या स्वतःच्या नावानं ओळख मिळाली, ती अशा आग्रहामुळेच.

आजही लग्नानंतर घर बदलतं, बऱ्याचदा आडनावही बदलतं, आणि यादीतलं नाव माहेरीच राहून जातं. त्यासाठी आहे फॉर्म ८. पत्ता बदलणं, नावातली चूक सुधारणं, नवं कार्ड मागवणं, हे सगळं या एकाच फॉर्मवर होतं. पहिल्यांदा नाव घालायचं तर फॉर्म ६. घरातलं माणूस गेलं की त्याचं नाव कमी करण्यासाठी फॉर्म ७.

मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं १९८९ मध्ये. पण अनेक वर्षं वय मोजायची तारीख एकच होती, १ जानेवारी. २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला पुढच्या जानेवारीपर्यंत ताटकळावं लागे! २०२२ पासून अशा चार तारखा आहेत: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची पहिली. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो.

गावी घर आहे म्हणून तिथंही नाव आणि मुंबईतही? चालत नाही. १९५० चा कायदा स्पष्ट सांगतो: केवळ घर मालकीचं आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. नाव एकाच ठिकाणी हवं, आणि अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. याउलट ज्याला घरच नाही, त्याचाही हक्क पक्का आहे. फुटपाथवर झोपणाऱ्याकडे पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. तो खरंच तिथं झोपतो का, हे बीएलओनं, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं, रात्री जाऊन पाहायचं असतं. आपल्या निवडणूक व्यवस्थेतला हा सगळ्यात सुंदर नियम आहे, असं मी मानते.

पदवीधरांनो, तुमच्यासाठी खास! महाराष्ट्र विधान परिषदेच्या सात पदवीधर मतदारसंघांची यादी दर निवडणुकीला कोरी करकरीत बनते. मागच्या वेळी नाव होतं, म्हणून यंदा असेलच असं नाही. पुन्हा अर्ज करावाच लागतो. महापालिका आणि जिल्हा परिषदेचं मात्र उलट. तिथं वेगळी यादीच नसते, ठरलेल्या तारखेची विधानसभेची यादी प्रभागवार, गटवार फोडतात.

परदेशी असलात, पण पासपोर्ट भारताचा असेल आणि तिथलं नागरिकत्व घेतलं नसेल, तर फॉर्म ६ए भरून पासपोर्टवरच्या गावच्या यादीत येता येतं. मतदानाला मात्र स्वतः यायचं, मूळ पासपोर्ट घेऊन.

लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की यादीत नवं नाव जात नाही. अर्जाच्या पडताळणीलाही दिवस लागतात. त्यामुळे प्रचाराचे भोंगे वाजायच्या आतच नाव तपासा. हेल्पलाइनचा नंबर लक्षात ठेवायला सोपा आहे: निवडणूक आयोगाचं जन्मसाल, १९५०.