छपरावर कोण चढणार?

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या आळीत एक माणूस हमखास यायचा. अनवाणी, डोक्याला फडकं, खांद्यावर दोरी. तो शिडी लावून छपरावर चढला की आजी खाली चौकात उभी राहून सांगायची, ''शेजारच्यांच्या भिंतीकडचा सांधा आधी बघा हो, गेल्या साली तिथूनच गळत होतं.'' तो एकेक कौल उचलायचा, फुटकं बाजूला टाकायचा, खालची रीप अंगठ्याने दाबून बघायचा, पाला आणि चिमण्यांच्या काड्या काढायचा आणि कौल पुन्हा जागच्या जागी बसवायचा. याला म्हणतात कौलं चाळणं. काम दिवसाचं, खर्च मजुरीचा, दोन वेळच्या चहाचा आणि डझनभर नव्या कौलांचा. पुढचं वर्षभर सगळा वाडा त्या एका दिवसाच्या जिवावर उभा असायचा.

एका वर्षी तो माणूस आला नाही. आला नाही म्हणजे त्याला कुणी बोलावलंच नाही. मालक म्हणाले, भाडं येतं किती? भाडेकरू म्हणाले, घर कुणाचं? पुण्याच्या पेठांमधल्या जुन्या घरांची पडझड मी जिथे जिथे पाहिली, तिथे तिथे हा संवाद आधी होऊन गेलेला होता. जुनं घर वयाने पडत नाही. पाण्याने पडतं. आणि पाणी आत शिरतं, कारण छपरावर कोण चढणार हे ठरलेलं नसतं.

पाठीला पाठ लावलेली घरं

वाडा म्हटलं की डोळ्यांपुढे दिंडी दरवाजा, नगारखाना आणि तीन चौक येतात. पण पेठा भरल्या त्या सरदारांच्या वाड्यांनी नव्हे. कसब्यातली तांबट आळी पाहा. अरुंद तोंडाची, खोल पोटाची घरं एकमेकांना चिकटून रांगेने उभी. खाली कारखाना, वर बिऱ्हाड. सदाशिव, नारायण, शनिवार पेठांतही मध्यम ऐपतीची घरं अशीच होती. समोर ओटा, मग ओसरी, चौक, माजघर, स्वयंपाकघर, मागे परसू आणि दोन्ही बाजूंना शेजाऱ्याबरोबर सामाईक भिंत.

या घरांचं माप खणांत सांगायचे. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. दगडी जोत्यावर तळखडे, तळखड्यांवर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर पाट. भार हा लाकडी सांगाडा पेलतो. बऱ्याच ठिकाणी भिंती केवळ त्यातल्या जागा भरतात. खालचा भाग दगडाचा किंवा भाजलेल्या विटांचा, वरचा अनेकदा कच्च्या विटांचा किंवा पांढऱ्या मातीचा. खांब जमिनीत न गाडता दगडावर ठेवण्यामागे साधा हिशेब आहे: लाकडाचे पाय कोरडे राहिले की ते शतकं टिकतं.

ओल्या कामांनाही जागा नेमलेली होती. पेशवाईत नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळ काढून शहरात पाणी आणलं, ते हौदांत पडे. विहीर, हौद, न्हाणी आणि संडास चौकात किंवा परसात असत, लाकडी सांगाड्यापासून लांब. पुढे एका कुटुंबाच्या घरात आठ बिऱ्हाडं आली, घरोघर नळ आला आणि माडीवरच्या प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात एकेक मोरी झाली. मातीच्या कोब्यावर लाद्या बसल्या, लाद्यांच्या सांध्यांतून पाणी कडीपाटात उतरू लागलं. ज्या लाकडाला बांधणाऱ्याने पाण्यापासून इतकं जपलं होतं, त्याच्याच डोक्यावर आपण न्हाणीघर थाटलं.

लाकूड टोकाला मरतं

आमच्या वाड्याची तपासणी करायला आलेले वयस्क सुतार मला कायमचं एक शिकवून गेले. मी छतातल्या जळमटांकडे आणि काळवंडलेल्या तुळईकडे बोट दाखवत होते. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. भिंतीशी गेले, तुळई भिंतीत शिरते तिथला थोडा गिलावा खरवडला आणि टोचा लाकडावर टेकवला. मधल्या भागात तो गव्हाच्या दाण्याएवढाही शिरला नव्हता; इथे बोटभर आत गेला. ''ताई, साग मध्ये मरत नाही,'' ते म्हणाले. ''टोकाला मरतो. भिंत पाणी पिते आणि तुळईला पाजते.''

यावर उपाय म्हणजे अख्खी तुळई बदलणं नव्हे. खालून धिरे देऊन भार उचलायचा, कुजलेलं टोक कापायचं, तिथे जुन्या सागाचाच तुकडा खाच पाडून जोडायचा, बोल्ट मारायचे आणि भिंतीत जिथे टोक बसतं तिथे थोडी हवा खेळती ठेवायची. आमच्याकडे हे काम चार दिवसांत झालं. त्याआधी ज्या ठेकेदाराला विचारलं होतं, त्याने खालून लोखंडी गर्डर टाकून वरून सिमेंटने सगळं लिंपून देण्याचा सल्ला दिला होता. तो उपाय स्वस्त होता आणि सगळीकडे तसंच करतात. घोटाळा नेमका तिथेच आहे.

चुना श्वास घेतो, सिमेंट कोंडतं

जुन्या भिंतीचा गिलावा चुन्याचा. चुनखडी भट्टीत भाजायची, कळीचा चुना पाण्यात विरवायचा, वाळू आणि विटांची सुरखी मिसळून बैलाच्या घाण्यात दळायचा. त्यात गुळाचं पाणी, हिरडा, बेलफळाचा गर घालत. असा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू, वर्षानुवर्षं दगडासारखा होत जातो, तरी त्यातून वाफ ये-जा करू शकते. पावसाळ्यात भिंत ओल घेते आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत ती सोडून देते. हा तिचा वर्षाचा श्वास.

अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारला की पहिली दोन वर्षं सगळे खूश असतात. भिंत गुळगुळीत, रंग झकास. पण जोत्यातून चढलेली आणि छपरातून उतरलेली ओल आता बाहेर पडू शकत नाही. ती वर वर सरकते, सोबत क्षार नेते, ते गिलाव्यामागे साठतात आणि पोपडे उडू लागतात. मग माणसं आणखी सिमेंट मारतात. आतली कच्ची वीट मऊ होते, तुळईचं टोक सतत ओलं राहतं आणि ओल्या लाकडाला वाळवी शोधत येते. बाहेरून घर ठणठणीत, आतून पोकळ. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि खडकवासला धरणं फुटून नदीकाठच्या पेठांत पाणी घुसलं, तेव्हा मातीच्या भिंतींचं काय होतं हे पुण्याने काही तासांत पाहिलं. फुटक्या पन्हळीखालची भिंत तीच गोष्ट वीस वर्षं घेऊन करते, एवढाच फरक.

रांगेतल्या घरांना आणखी एक दुखणं आहे. शेजारचं घर पाडलं की कालपर्यंत आतली असलेली सामाईक भिंत एका रात्रीत बाहेरची होते. तिला गिलावा नसतो, वर वळचण नसते, कारण तिच्यावर कधी पाऊस पडायचाच नव्हता. बाजूचा आधार गेलेला असतो आणि तिच्या पायाशी नव्या इमारतीच्या वाहनतळासाठी खड्डा खणलेला असतो. रांगेतलं एक घर गेलं की उरलेल्यांना त्याची झळ लागते ती अशी. पाडकाम पावसाळ्याच्या तोंडावर असेल तर त्या भिंतीवर निदान ताडपत्री आणि धिरे हवेत, एवढं तरी शेजाऱ्याने पाडणाऱ्याकडून लेखी घ्यायला हवं.

दीडशे रुपयांची दुरुस्ती

आता त्या संवादाकडे, ज्याच्यामुळे कौलं चाळणारा यायचा थांबला. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बहुतेक जुन्या जागांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येण्यापासून वाचवणं हा हेतू रास्त होता. पण तात्पुरता उपाय अर्धशतक चालला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवलेली भाडी आता अवाजवी ठरल्याचं स्पष्ट सांगितलं. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली.

या कायद्याचं कलम १४ वाचण्यासारखं आहे. घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं कर्तव्य. नोटीस देऊन १५ दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. मात्र एका वर्षात भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. महिना ५० रुपये भाडं धरा. वर्षाचे ६०० आणि दुरुस्तीची मर्यादा १५०. एवढ्यात माणूस छपरावर चढत नाही, शिडीसुद्धा भाड्याने मिळत नाही.

मग दोघंही वाट पाहू लागतात. मालक भिंत पडण्याची, भाडेकरू विकसक येण्याची. दुरुस्तीसाठी जागा सोडली तर परत मिळेल का, ही भाडेकरूची धास्ती खोटी नाही. पन्नास रुपयांत सागवान घ्यायचं कुठून, हा मालकाचा प्रश्नही खोटा नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी महापालिका आपल्या अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक घरांना नोटिसा लावते. त्यातून जीव वाचतात, पण घर वाचत नाही.

इतरांनी काय केलं

मुंबई शहरात हाच पेच होता. तिथे १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींवर उपकर बसवला आणि दुरुस्ती मंडळ उभारलं. त्या मंडळाबद्दल तक्रारी पुष्कळ, तरी छपरावर कोण चढणार याचं कागदावर का होईना उत्तर होतं. पुण्याच्या पेठांना तसं मंडळ मिळालंच नाही.

अहमदाबादच्या पोळांमधली घरं आपल्या पेठांतल्या घरांची चुलत भावंडंच: अरुंद तोंड, सामाईक भिंत, मधे चौक, चौकाखाली पावसाच्या पाण्याचं टाकं. २०१७ मध्ये ते भारतातलं पहिलं जागतिक वारसा शहर ठरलं. तिथे वारसा यादीतल्या घरमालकाला न वापरलेला बांधकामाचा हक्क शहरात दुसरीकडे विकता येतो. घर न पाडण्याचा मोबदला मिळतो आणि त्यातून दुरुस्ती करता येते.

पणजीच्या फोंतेन्यास वस्तीतली रंगीत घरं पाहायला आपण झुंडीने जातो. त्या रंगामागे शिस्त आहे. पोर्तुगीज अमलात पावसाळा संपला की घर रंगवण्याचा दंडकच होता. दरवर्षी रंग लावायचा म्हणजे दरवर्षी भिंतीवर हात फिरवायचा. तडा कुठे गेला, ओल कुठे आहे ते आपोआप कळायचं. पर्यटकांना रंग दिसतो, मला त्यातली वार्षिक तपासणी दिसते.

पुण्यातही हात लागला की घर उभं राहतं, हे विश्रामबागवाडा आणि नाना वाड्याच्या जतनाने दाखवलं आहे. पण ती सार्वजनिक मालकीची, मोठी, नावाजलेली घरं. बुधवार पेठेतल्या भिडे वाड्याचं उदाहरण जास्त बोलकं आहे. १८४८ मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी जिथे मुलींची शाळा काढली, ते घर मालकी आणि ताब्याच्या वादांत गळत राहिलं. न्यायालयातला निकाल लागेपर्यंत वाचवण्याजोगं फारसं उरलं नव्हतं. डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी ते पाडावं लागलं. आधी कौलं गेली, मग घर.

या दिवाळीत

प्रत्येक वाडा वाचणार नाही, वाचावा असंही मी म्हणणार नाही. आठ बिऱ्हाडांत एक संडास असलेल्या घरात राहणाऱ्याला वारशावर भाषण देण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण जी घरं उभी आहेत आणि ज्यांत माणसांना राहायचं आहे, त्यांच्यासाठी कामांचा क्रम ठरलेला आहे. आधी छप्पर आणि पन्हळी. मग मोऱ्या आणि नळ. मग तुळयांची टोकं. मग चुन्याचा गिलावा. रंग सगळ्यात शेवटी. आपण नेमके उलटे जातो, म्हणून पैसे जातात आणि घरही जातं. आणि बिऱ्हाडांनी दरमहा थोडे पैसे एका सामाईक खात्यात टाकले, तर कलम १४ च्या मर्यादेपलीकडचा खर्च स्वतः करायला कायदा कुणाला अडवत नाही.

पावसाळा नुकताच संपला आहे. पाणी कुठून आलं हे वर्षभरात सगळ्यात स्पष्ट आत्ताच दिसतं. महिन्याभरात डाग वाळतील आणि आपण विसरून जाऊ. तेव्हा फराळ झाला की बॅटरी घेऊन माळ्यावर जा. दिसेल त्या प्रत्येक ओल्या डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढा आणि बाजूला आजची तारीख घाला. पुढच्या दिवाळीत डाग रेघेच्या बाहेर गेलेला दिसला, तर मालक कोण आणि भाडेकरू कोण हा वाद मागाहून घाला. आधी शिडी लावा.