जुन्या वहीची साक्ष

यंत्राची वंशावळ कागदांवरून लावावी लागते, हे ऐकून नवल वाटेल. तथापि अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीच्या 'झेडएल-१ कॅमारो' मोटारीची कथा तशीच आहे. पाव मैलाच्या सरळ शर्यतीस योग्य अशा या मोटारी सन १९६९ च्या मालिकेत अवघ्या ६९ निघाल्या. शर्यतीच्या नियमानुसार निदान ५० मोटारी होणे अवश्य होते. म्हणून इलिनॉय प्रांतातील ला हार्प या लहान गावचे विक्रेते फ्रेड गिब यांनी एकट्यानेच ५० मोटारींची मागणी नोंदविली. परंतु ॲल्युमिनियमच्या एंजिनामुळे किंमत ७,००० डॉलरांवर गेली. गिऱ्हाईक मिळेना, अखेर बराच माल परत घेऊन कारखान्याने तो अन्य विक्रेत्यांकडे धाडला.

पुढे शर्यतींत कित्येकींची मूळ एंजिने बदलली गेली. मोटारीच्या क्रमांकावरूनही हे विशेष एंजिन ओळखता येत नाही. त्यामुळे अस्सल आणि नक्कल यांचा निवाडा करताना त्या काळची बिले व मागणीपत्रे यांसच मोठे मोल येते.

व्यापारी बंधूंनो, गिब यांचा अंदाज चुकला, पण कागद टिकले. तोटा एका हंगामाचा असतो. खरी नोंद पिढ्यान् पिढ्या साक्ष देते. दिवाळीस नव्या वहीचे पूजन करताना जुनी वही रद्दीत घालण्यापूर्वी क्षणभर थांबावे, इतकेच सुचवावेसे वाटते.