वीतभर हवेतून मजकूर

१९९३ साली स्थापन झालेल्या इन्फ्रारेड डेटा असोसिएशन या उद्योगसंघाने पुढील वर्षी जे पहिले प्रमाण जाहीर केले, त्यात कमाल गती सेकंदाला १,१५,२०० बिट, म्हणजे तत्कालीन संगणकाच्या सीरियल पोर्टला झेपेल तेवढीच ठेवली होती. केवळ तारेची जागा किरणांनी घ्यावी आणि बाकीचा बंदोबस्त पूर्ववत चालावा, ही त्यामागील व्यवहारदृष्टी प्रशंसनीयच म्हटली पाहिजे. सुमारे ८५० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचे, नेत्रास अगोचर असे हे किरण स्पंदरूपाने बाहेर पडतात: शून्य धाडायचे तर एक स्पंद, एक धाडायचा तर अंधार; आणि तो स्पंदही बिटच्या कालावधीचा जेमतेम ३/१६ भाग टिकत असल्याने संगणकाशी मजकुराची देवघेव करणाऱ्या, हातात धरायच्या टर्मिनलच्या बॅटरीवर फारसा भार पडत नाही. प्रेषकाचा प्रकाश त्याच्याच ग्राहकास दिपवून टाकतो, म्हणून दोन्ही यंत्रांना आळीपाळीनेच बोलण्याची मुभा असते. अंतर एक मीटर आणि किरणांचा शंकू मध्यरेषेपासून १५ अंश, एवढ्या मर्यादेत टर्मिनल संगणकाच्या काळपट लाल खिडकीसमोर स्थिर धरावे लागे; मध्ये कोणाचा हात आला की मजकूर तिथेच खोळंबे. (भिंत न ओलांडणारा किरण शेजारच्या खोलीतील आगंतुकाच्या हाती लागत नाही, हा फायदा मात्र नाकारता येणार नाही.) १९९५ मध्ये गती सेकंदाला ४० लाख बिटांवर गेली, १९९८ च्या पाम ३ या हस्तसंगणकावर लोक व्हिजिटिंग कार्डांची देवघेवही याच मार्गे करू लागले. पुढे, समोरासमोर धरण्याची अट नसलेल्या ब्लूटूथने हा बहुतेक व्यवहार आपल्या ताब्यात घेतला.