सोळा आणे खरे

आमच्या घरात दोन सरकारे नांदतात. एक दिल्लीचे, दशमान पद्धतीचे. दुसरे आजीचे, पायली-मापट्याचे. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच, त्यामुळे दुभाष्याचे काम माझ्याकडे आले आहे.

रविवारी मी तालुक्याच्या गावी एका किराणा दुकानात पुड्या बांधतो. गिऱ्हाईक ‘पावशेर साखर’ मागते, मी पाव किलो तोलतो आणि दोघेही समाधानी असतो. एकदा सहज हिशेब केला. जुना शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. त्याचा पाव २३३ ग्रॅम. म्हणजे दर पुडीमागे सतरा ग्रॅम साखर जास्त जाते! ही बातमी मालकांना दिली, तर ते म्हणाले, “पैसे पाव किलोचेच घेतोस ना? मग गप तोल.” माझे संशोधन तिथेच संपले. सोनाराकडे मात्र उलटा प्रकार. जुना तोळा साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्तच. आता दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. पण आम्ही सोने कुठे घेतो!

वास्तविक १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० पैसे झाले. १९६२ पासून किलो सक्तीचा झाला. चार आण्यांच्या जागी आलेले २५ पैशांचे नाणेदेखील २०११ साली चलनातून गेले. तरी गवंडी अजून सुतात मापतो, एका इंचाचे आठ सूत. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिलेले असते, पण बांधावरचे भांडण गुंठ्यातच होते. सिनेमा पाहून आलेला मित्र सांगतो, “आठ आणे बरा हाय.”

असे का व्हावे? उत्तर आजीकडे सापडले. तिला अक्षरओळख नाही, पण दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली हे तिला झोपेतही येते. सारा कारभार निम्म्यानिम्म्याने. सोळा आण्यांचे निम्मे आठ, मग चार, मग दोन, मग एक. शंभराचे निम्मे पन्नास, मग पंचवीस, आणि पुढे साडेबारा! भाकरी वाटतानाही आपण तिचे दहा भाग करत नाही. हाताला निम्मे सोपे, कागदाला दहा सोपे. एवढेच या सगळ्याचे इंगित.

पण हात आणि कागद जुळले नाहीत की गंमत संपते. पिकाच्या सरकारी अंदाजाला पूर्वी आणेवारी म्हणत, आता पैसेवारी म्हणतात. ती ५० पैशांच्या आत आली तर पीक बुडाले असे धरतात. दुष्काळाच्या सवलतींत आम्हा विद्यार्थ्यांची परीक्षा फीही माफ होते. पाऊस दगा देऊन गेला त्या साली आबा माळ फिरून आले आणि म्हणाले, “सहा आणे.” म्हणजे साडेसदतीस पैसे. कागदावर आले ५२. दोन-तीन पैशांनी आमचा दुष्काळ हुकला. आईने पाच पायल्या ज्वारी मोजून विकायला काढली आणि माझी फी भरली.

मी आबांना समजावले, की पैसेवारी एका शेताची नसते. निवडक शेतांतले पीक कापून, मोजून साऱ्या गावाची सरासरी काढतात. ओढ्याकाठची काळी जमीन आणि आमचा माळ एकाच बेरजेत येतात.

आबांनी क्षणभर विचार केला. “म्हंजे वढ्याकाठी धा आणे पिकलं, माळावर सहा. मधलं आठ. हिशेब सोळा आणे खरा हाय.”

मला हायसे वाटले. एवढ्यात ते म्हणाले, “पर बाळा, त्या आठातलं आमचं दोन आणे कणगीत कवा येनार?”

दुभाष्याला याचे उत्तर अजून सापडलेले नाही.