‘संमती आहे असे मला वाटले’

आमच्या घरात कायदा म्हणजे सातबारा आणि कोर्टाची तारीख. फौजदारी कायद्याचे पुस्तक मी प्रथम हाती घेतले ते कॉलेजच्या ग्रंथालयात, आणि एका प्रश्नापाशी अडले. बलात्काराचा आरोपी म्हणतो, “तिची संमती आहे असे मला वाटले.” हे नुसते वाटणे पुरेसे आहे काय?

इंग्लंडमध्ये १९७५ साली मॉर्गन खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे नेमका हाच प्रश्न आला. हवाई दलातील मॉर्गनने तिघा सहकाऱ्यांना घरी आणले. पत्नी झटापट करील, पण ते नाटक समजा, असे त्याने सांगितल्याचे त्या तिघांचे म्हणणे होते. तिने प्रतिकार केला, ती ओरडली. तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय झाला, की आरोपीची समजूत प्रामाणिक असेल तर ती वाजवी नसली तरी गुन्हा होत नाही. त्या तिघांची हकीकत मात्र कोणत्याही ज्युरीला पटली नसती, म्हणून त्यांची शिक्षा कायम राहिली. पण तत्त्व काय ठरले? माणूस जितका बेफिकीर तितका सुरक्षित!

२००३ च्या कायद्याने हे बदलले. आता समजूत वाजवी हवी. आणि संमती आहे की नाही हे जाणून घेण्यासाठी आरोपीने काय केले, हेही तेथे पाहिले जाते.

आपल्या १८६० च्या दंड संहितेत वस्तुस्थितीविषयीची चूक हा बचाव सद्भावपूर्वक वागणाऱ्यालाच होता, आणि योग्य काळजी न घेता केलेले कृत्य सद्भावपूर्वक मानले जात नसे. कागदावर हे इंग्लंडपेक्षा सरसच. तरीही १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोघा पोलिसांना निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, असे कारण दिले. (“ओरडली का नाही?” हा प्रश्न आमच्या गावातही पहिला येतो.) देशभर निषेध झाला, १९८३ साली कायदा सुधारला. केवळ प्रतिकार न करणे म्हणजे संमती नव्हे, हे मात्र २०१३ साली स्पष्ट झाले. संमती म्हणजे स्वेच्छेचा, निःसंदिग्ध होकार, ही व्याख्याही तेव्हाच आली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये ती कायम आहे.

मॉर्गनवर स्वतः बलात्कार केल्याचा आरोप मात्र ठेवता आला नाही; तो नवरा होता. इंग्लंडमध्ये नवऱ्याची ही सूट १९९१ साली संपली. आपल्याकडे पत्नी अठरा वर्षांखालील नसेल तर ती त्याच कलम ६३ मध्ये अजून आहे. तिथे “काय वाटले?” असे नवऱ्याला कोणी विचारतच नाही.