आधी खरवड, मग चिकटव

सकाळी ८.३०

शटर वर सरकवलं की पहिला भपकारा चिकटवायच्या सोल्यूशनचा. मी लगेच आत जात नाही, दिव्याच्या बटणाला तर हातही लावत नाही. डबे कितीही घट्ट बंद केले तरी टोल्युईनची वाफ रात्रभर थोडी थोडी निसटतेच. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचून राहते, आणि बटणातली एवढीशी ठिणगीसुद्धा तिला पुरते. म्हणून दोन्ही शटरं उघडी टाकायची, मागचं दार उघडायचं आणि समोरच्या टपरीवर सुलेमानी प्यायची. चहात मीठ म्हटलं की पुण्याकडचे पाहुणे तोंड वाकडं करतात. आमच्या घराची ही भोपाळातली तिसरी पिढी. घरात मराठी, दुकानात भोपाळी, चहात मीठ.

पुल बोगद्याकडच्या गल्लीत आमचा गाळा आहे. सीटची कव्हरं, छताचं कापड, दरवाजाची पॅडं ही आमची कामं. दिवाळीला लोक कव्हरं शिवून घेतात. मे महिना मात्र पॅडांचा.

सकाळी ९.१५

पिपलानीचे काका आले. भेलमधून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी ठरल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी हजर. गाडी जुनी, छोटी, पण काचेसारखी लखलखीत. डावीकडच्या मागच्या दरवाजाचं कापड मात्र पोटासारखं पुढे आलेलं.

"अरे, तुझ्याकडचा सगळ्यात भारी गोंद लाव आणि दुपारपर्यंत दे."

"काका, आधी कुणी हात लावलाय का याला?"

काका जरा ओशाळले. फेब्रुवारीत एका ठिकाणी दहा मिनिटांत करून घेतलं होतं म्हणाले. खुणा दिसतच होत्या. कडेला फेविक्विकचे थेंब, त्यांच्याभोवती काळ्या प्लॅस्टिकवर पांढरी धूळ बसल्यासारखे डाग. मधे पांढरा फेविकॉल, कापडातून वर झिरपून कडक झालेला. फेविकॉल १९५९ पासून देशभरचं लाकूड धरून आहे, त्याचा यात काही दोष नाही. पांढरा गोंद लाकडाच्या रंध्रांत शिरून पाणी सोडतो आणि वाळतो. प्लॅस्टिकला रंध्रंच नाहीत, आणि तापलेल्या गाडीत तो पुन्हा मऊ पडतो. फेविक्विक पकडतं झटक्यात, पण त्याला लवचीकपणा नाही. दरवाजा दहादा आपटला की तडकतं.

"पॅड काढून बघतो, मग सांगतो," म्हटलं. काका तिथंच स्टूल ओढून बसले.

सकाळी १०.००

पॅड काढायला आमचे कारागीर उस्ताद बसले. काच खालीवर करायच्या हँडलमागे तारेची छोटी क्लिप असते. पोरं ती स्क्रू-ड्रायव्हरने उचकटतात आणि पॅडला ओरखडे पाडतात. उस्ताद हँडलमागे एक चिंधी सरकवतात आणि दोन्ही टोकं धरून बूट पुसल्यासारखी इकडून तिकडे ओढतात. टिक् आवाज होतो, क्लिप चिंधीत. मग धरायच्या कडीचे दोन स्क्रू, कडेची प्लॅस्टिकची बटणं आणि पॅड हातात.

पॅड उलटं करून मी शिक्का शोधला. बहुतेक पॅडांच्या पाठीवर प्लॅस्टिकची जात लिहिलेली असते. इथं होतं पीपी-टीडी२०, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि त्यात २० टक्के तालक, अंगाला लावतो त्याच पावडरीतला. शिक्का नसला की काही जण प्लॅस्टिकचा तुकडा पाण्यात टाकतात. तरंगला तर पीपी, बुडला तर एबीएस. पण तालक मिसळलेलं पीपीही बुडतं, आणि एबीएस समजून गोंद लावणारा फसतो. एबीएस गोंद आपणहून धरून ठेवतं. पीपीचा स्वभाव मेणासारखा, वर काही टिकू देत नाही.

मग कापड सोललं, आणि खरी गोष्ट समोर आली. कंपनीचा मूळ गोंद पॅडवर तसाच होता, नखाने खरवडला तरी निघेना. मेला होता तो मधला फोम. कापडाच्या पाठीला चिकटवलेला पातळ पॉलियुरेथेनचा थर हळदीसारखा पिवळा पडून बोटाला लागत होता. उष्णता आणि दमट हवा वर्षानुवर्षं लागत राहिली की त्याच्या साखळ्या तुटतात, आणि स्पंजाची पावडर होते.

काकांना बोलावून दाखवलं. "गोंद सुटलाच नाही. फेब्रुवारीतला गोंद या पावडरीला चिकटला, आणि पावडर कशालाच नाही."

दुपारी १२.००

खरवडायचं काम. याचे पैसे मागताना गिऱ्हाईक नेहमी भांडतं, आणि सगळा वेळ यातच जातो. कापडाच्या पाठीवरून नायलॉनच्या ब्रशने फोम काढायचा. जोर जास्त झाला तर वीण उसवते. काकांना हेच कापड परत हवं, कारण बाकीच्या तीन दरवाजांना तेच आहे.

शिकाऊ पोराने थिनरची बाटली उचलली, तशी उस्तादांनी नुसती भुवई वर केली. थिनरने रेग्झिनचा रंग उतरतो, एबीएसवर बारीक तडे जातात. आम्ही वापरतो आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि तेही दोन फडकी घेऊन. एकाने लावायचं, दुसऱ्या कोरड्याने पुसायचं. नाहीतर घाण एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात फिरते. काकांची गाडी चमकते ती सिलिकॉनच्या पॉलिशने. त्याचा पुसट थर राहिला तरी सोल्यूशन माशाच्या डोळ्यांसारखे गोल गोल करून मागे सरतं. ज्यांची गाडी सगळ्यात चकाचक, त्यांचंच पॅड चिकटवायला सगळ्यात कठीण.

दुपारी १.३०

डबे खाताना काकांची परीक्षा सुरू झाली. मी तापमान मोजायची बंदूक आणून त्यांच्या गाडीच्या डाव्या दरवाजावर रोखली. बाहेर ४३ अंश, दरवाजाच्या आतल्या वरच्या कडेला ६४. २०१८ साली अमेरिकेत ॲरिझोनातल्या संशोधकांनी उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांचे आकडे छापले होते. डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेला होता. तिथली हवा आमच्या मे महिन्याहून गरम होती असंही नाही.

"६४ चं काय घेऊन बसलास," काका म्हणाले, "आमच्या भेलमधल्या मोटरींचं एफ क्लासचं इन्सुलेशन १५५ अंश सोसतं."

"तुमचं वार्निश भट्टीत भाजून पक्कं केलेलं, काका. माझा गोंद सावलीत वाळलेला."

हे त्यांना पटलं. मग फळीवरचा एकेक डबा त्यांनी हातात घेतला. गोंदाच्या बंदुकीची कांडी उष्णतेनेच वितळते, ती उष्णतेत टिकणार कशी? इपॉक्सी दगडासारखी घट्ट होते, कापडाखाली दगड नको, आणि पीपीवरून तर ती पापुद्र्यासारखी निघते. सिलिकॉनचं नाव काढू नका, एकदा लावलं की त्या जागी पुढे दुसरं काहीच धरत नाही. शेवटी उरलं निओप्रीन रबराचं पिवळं सोल्यूशन, जे दोन्ही अंगांना लावून, वाळवून मग टेकवायचं. हे रबर १९३० च्या सुमारास अमेरिकेत निघालं. चपलेचा तळ आणि सनमायका अजून त्यावरच उभे आहेत. ते उन्हात दम धरतं आणि वाळल्यावरही वाकतं. पॅडला हेच दोन गुण लागतात.

दुपारी २.३०

यापेक्षा पक्कं काही नाही का, असं काकांनी विचारलंच. आहे. वरच्या फळीवर, मागे, न उघडलेली एक छोटी बाटली आहे. सोल्यूशनमध्ये तिचे थोडे थेंब मिसळले की रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात आणि सांधा कितीतरी जास्त उष्णता सोसतो. बाटलीवरचा शब्द काकांनी मोठ्याने वाचला: "आयसोसायनेट."

उस्तादांचा हात थांबला.

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळात विषारी वायू सुटला, तेव्हा उस्ताद नऊ वर्षांचे होते. जिना चढताना आजही मधेच उभे राहतात. बाटली आली तेव्हा मी त्यांना सगळं समजावलं होतं. हे त्या रात्रीचं नव्हे. ते मिथिल आयसोसायनेट ३९ अंशांनाच उकळतं, हे सहजी उडत नाही. कुळ एक, स्वभाव वेगळे. शिवाय सीटमधला फोमसुद्धा आयसोसायनेटपासूनच बनतो. एकदा त्याची रासायनिक क्रिया पुरी झाली की त्यात ते उरत नाही. उस्तादांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मियाँ, तुम्हारी बात सही होगी. मगर ये अंदर नईं खुलेगा."

त्यांचं बरोबरच आहे. हा पदार्थ छातीला एकदा बाधला की पुढे थोड्या वासानेही दमा उठतो. सोल्यूशनही काही साधुसंत नाही. इटलीत आणि जपानात चपला-बूट चिकटवणाऱ्या कामगारांच्या हातापायांच्या नसा गोंदातल्या हेक्झेनच्या वाफेने गेल्या, तेव्हा जगाला त्याचं विष कळलं. म्हणून आमचं सगळं चिकटवणं मागच्या उघड्या आवारात होतं, कोळशाच्या फिल्टरचा मास्क लावून. आणि ती बाटली फळीवरच राहते. काकांनी ती जिथून घेतली तिथंच हलकेच ठेवली.

दुपारी ३.१५

मधेच एक अँबॅसिडर. मालक ती वरातीला भाड्याने देतो. त्याची तक्रारही तीच, पॅड सुटलं. पण तिथं पॅड म्हणजे रेग्झिन चढवलेला हार्डबोर्ड, आणि तो खालून पापडासारखा फुगलेला. काचेच्या पट्टीतून दारात पाणी उतरतं. बोर्डाच्या मागे प्लॅस्टिकचा कागद असावा लागतो, तो कुणीतरी दुरुस्तीच्या वेळी फाडून फेकला होता. फुगलेल्या बोर्डाला कुठलाच गोंद लागू नाही. नवा बोर्ड कापला, कडांना रंग मारला, नवा कागद लावला. रेग्झिन मागे वळवून पिना मारल्या. गोंदाला सरळ ओढलं तर तो हत्तीचं बळ दाखवतो. कडेपासून सोललं तर केळ्याच्या सालीसारखा निघतो, कारण सगळी ओढ एका रेघेवर येते. म्हणून कड कधी नुसत्या गोंदाच्या भरवशावर सोडायची नाही.

दुपारी ४.३०

आता काकांचं पॅड. सोल्यूशनचा एकही डबा उघडण्याआधी आवारात गॅसच्या बत्तीची निळी ज्योत पीपीवरून भराभर फिरवली, प्रत्येक जागी क्षणभरच. ज्योत थांबली तर प्लॅस्टिक वाकतं, बरोबर फिरली तर वरचा मेणचट थर बदलतो. मग पाणी शिंपडलं. आधी पाण्याचे मणी होत होते, आता पाणी पसरलं. पाणी पसरलं म्हणजे गोंदही पसरणार. बत्ती विझवून लांब ठेवली, पॅड कोरडं केलं, प्रायमरचा हात दिला, आणि मगच डबा उघडला.

दोन्ही अंगांना पातळ थर. मधे घालायचा नवा फोम हावरा असतो, त्याला दुसरा हात. कापडाला मात्र अगदी फवाऱ्यापुरतं, नाहीतर पुढच्या बाजूला डाग येतो. मग थांबायचं. डब्यावर १५ मिनिटं लिहिलंय, पण ते भोपाळच्या मे महिन्यासाठी लिहिलेलं नाही. कोरड्या हवेत ७-८ मिनिटांतच बोटाला तार येईनाशी होते. जुलैत उलटं. सोल्यूशन उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं पाणी जमतं आणि पांढुरकी साय धरते. तेव्हा आम्ही सकाळचं चिकटवत नाही.

उस्तादांनी मधे बटर पेपर घातला, कापड जागेवर बसवलं, आणि कागद बोटभर बोटभर मागे ओढत मधून कडेकडे हात फिरवला. हे सोल्यूशन एकदा टेकलं की टेकलं, दुरुस्ती नाही. शेवटी लाकडी रूळ, सगळा जोर लावून. सांधा वेळेने नाही, दाबाने धरतो.

संध्याकाळी ६.४५

"आज नेतो," काका. "उद्या संध्याकाळी," मी. पूर्ण ताकद यायला २४ तास, आणि तोवर ऊन नको.

बिल बघून काका म्हणाले, "गोंदाचे साठ, आणि खरवडण्याचे सहाशे?"

"सुटला तो गोंद नव्हताच, हे तर आपण दोघांनी सकाळी पाहिलं."

काका काही बोलले नाहीत. मग अचानक म्हणाले, "आमच्याकडे एक नियम होता. तापमान १० अंश वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं. तुझ्या फोमलाही तसंच काहीसं लागत असेल." थोडं थांबून हसले. "गाडी मी रोज एकाच जागी लावतो, एकाच तोंडाने. दुपारचं सगळं ऊन डाव्या बाजूवर."

मी उठून डावीकडच्या पुढच्या दरवाजावर अंगठा दाबला. दिसायला पॅड छान, गोंद पक्का. पण आतून वाळू दाबल्यासारखं बारीक कुरकुरलं. काकांनीही दाबून पाहिलं. उजवीकडचे दोन्ही दरवाजे अजून स्पंजासारखे उसळत होते.

"उद्यापासून गाडी उलटी लावतो," काका म्हणाले.

"मग उजव्या बाजूची पाळी येईल."

"येऊ दे. तोवर चारही दरवाजांचं वय एक होईल. सगळे एकदमच आणतो."

उस्ताद खोबरेल तेलाने बोटांवरचं सोल्यूशन चोळून काढत होते. त्यांना मराठी समजतं, बोलत नाहीत. त्यांनी फरशीवरची पिवळी पावडर ओल्या फडक्याने टिपून घेतली, डब्यांची झाकणं एकेक करून हातोडीने बसवली, आणि मी शटर खाली ओढलं.